खोलीवरचा कर कोणाचा?

हॉटेलातल्या खोलीवर बसणाऱ्या कराचा आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा काय संबंध, असे मथळा वाचून कोणीतरी विचारणारच. कापसाचे आणि ज्वारीचे प्रश्न मिटले काय, की आता थंड हवेच्या गावांची काळजी वाहायला निघालात? भावांनो, संबंध आहे. तो पैशाचा आहे, आणि पैशाची वाट फिरून फिरून शेवटी आपल्याच खिशापाशी येते. पण आधी घडलेली गोष्ट सांगतो.

गेल्या श्रावणात निंदण-डवरण आटोपले, पावसाने चार दिवस उघाड दिली आणि घरच्या बायांनी मनावर घेतले. भाच्याची जीप होती. आम्ही सहा जण एका थंड हवेच्या गावी निघालो. मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. घरी बैल, दुभती म्हैस. संध्याकाळी परत यायचेच होते. भाकरी, ठेचा आणि पाण्याची कळशी बरोबर घेतली. गावाच्या तोंडाशी फाटक. फाटकावर माणशी पावती, गाडीची वेगळी. सगळे मिळून एका बाईची दिवसभराच्या निंदणाची मजुरी तिथेच गेली. ठीक आहे, गाव बघायचे तर द्यावे लागते, म्हणून दिली. आत गेल्यावर बायांना जायला जागा पाहिजे, तर संडासाला कुलूप. नळाची तोटी फिरवली तर नुसती हवा. कड्याकडे जाणारा रस्ता अर्धा वाहून गेलेला.

फाटकावर आमच्या मागेच एक लांबलचक गाडी उभी होती. त्यातली मंडळी तीन रात्री राहणार होती. त्यांनीही माणशी तेवढेच पैसे दिले. परत येताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, आपण इथलं तांब्याभर पाणी नाही घेतलं, अन् पावती त्यांच्याएवढीच?"

या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. नंतर कागद चाळले तेव्हा कळले की वहिनीचा प्रश्न सरकारला विचारायला पाहिजे.

खोलीचा पैसा जातो कुठे?

ती गाडीवाली मंडळी काहीच कर देत नाहीत असे नाही. उलट पुष्कळ देतात. ते ज्या खोलीत राहतात त्या खोलीच्या भाड्यावर कर असतो. फक्त तो त्या गावाला मिळत नाही.

महाराष्ट्र सरकारने १९८७ साली चैनीच्या वस्तू व सेवांवरील कराचा कायदा केला. हॉटेलातली खोली ही चैन धरली. स्वस्त खोल्यांना सूट आणि महागड्या खोल्यांवर दहा टक्क्यांपर्यंत कर, अशी व्यवस्था होती. हा कर विक्रीकर खाते वसूल करायचे आणि तो राज्याच्या तिजोरीत जायचा. तीस वर्षे हे चालले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, त्याच्या पोटात हा चैनीचा करही गेला. आता खोलीवरच्या कराचे दोन वाटेकरी झाले. अर्धा राज्याचा, अर्धा केंद्राचा.

आपण आपल्या पद्धतीने हिशेब मांडू. आठ हजार रुपये रोजाच्या खोलीत कोणी दोन रात्री राहिला. भाडे १६,००० रुपये. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के कर, म्हणजे २,८८० रुपये. त्यातले १,४४० मुंबईला, १,४४० दिल्लीला. (हॉटेलवाल्याने आधी भरलेला कर त्यातून वजा होतो, तो तपशील तूर्त बाजूला ठेवू. दिल्लीच्या वाट्यातले काही फिरून परत येते, पण तेही राज्याच्याच तिजोरीत.) ज्या गावाच्या नळाचे पाणी त्याने दोन दिवस वापरले, ज्या गटारात ते सोडले, ज्या गावाच्या उकिरड्यावर त्याच्या बाटल्या पडल्या, त्या गावाच्या नगरपरिषदेला या २,८८० रुपयांतून शून्य. तिला मिळाले ते फाटकावरच्या पावतीचे पैसे. तेवढेच आम्हीही दिले.

गरिबाच्या खोलीचेही ऐका. एक हजार रुपयांच्या आतल्या खोलीला आधी जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून त्या खोलीवरही १२ टक्के लावले. नऊशेच्या खोलीला १०८ रुपये. ज्याला आठ हजारांची खोली परवडते त्याच्या करात त्या दिवशी एका पैशाची वाढ झाली नाही, आणि लेकराबाळांना घेऊन एक रात्र राहणाऱ्याला शंभराची फोडणी बसली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के केले, म्हणून आता त्याच खोलीला ४५ रुपये पडतात. कमी झाले ते चांगलेच झाले. पण १०८ असोत की ४५, गावाच्या हातात त्यातले काही पडत नव्हते आणि पडत नाही.

गावाला घरपट्टी मिळते, पाणीपट्टी मिळते, हे मला मान्य आहे. पण घरपट्टी खोली भरलेली की रिकामी हे पाहत नाही.

पाच हजारांचे गाव, लाखांचा भार

माथेरानचे उदाहरण घ्या. रायगड जिल्ह्यात, नेरळच्या डोक्यावर. कायम राहणारी वस्ती पाच हजारांच्या आतली. येणारे प्रवासी वर्षाला लाखांनी मोजावे लागतात. तिथे मोटारीला बंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने तो सारा डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणजे कारखाना नाही, वाटेल तसे बांधकाम नाही. गावाला जगायचे ते प्रवाशावरच. डोंगरावर एक शार्लोट तलाव. तो पुरत नाही म्हणून खालून नेरळकडून उल्हास नदीचे पाणी पंपाने वर चढवायचे. आपल्या विहिरीतून पाच अश्वशक्तीच्या पंपाने पाणी काढताना वीजबिल काय येते ते आपण जाणतो. इथे तर अख्खा डोंगर चढवायचा. पावसाळ्यात तांबड्या मातीचे रस्ते वाहून जातात, दरवर्षी नव्याने माती टाकायची. सामान वर न्यायला घोडा, हातगाडी, नाहीतर खालच्या वाड्यांतल्या बायामाणसांचे डोके.

या सगळ्याला पैसा कुठून? शहरांना आणि गावांना वित्त आयोगाचे जे अनुदान मिळते ते वाटताना मुख्यतः लोकसंख्या पाहतात. शिरगणतीत मोजलेली माणसे. शनिवारी-रविवारी जी वस्ती चौपट-पाचपट होते ती शिरगणतीत नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. मग नगरपरिषदेच्या हातात राहतो फाटकावरचा माणशी कर. माथेरानला तो दस्तुरी नाक्यावर घेतात. त्यात मुक्कामी आणि दिवसापुरता आलेला असा फरक नाही. हा दोष त्या नगरपरिषदेचा नाही. तिच्या हाती दुसरे हत्यारच ठेवलेले नाही.

ठेवलेले नाही हे मी अक्षरशः म्हणतो आहे. राज्यघटनेत चैनीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना होता. २०१६ साली १०१वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा ती नोंद बदलली. करमणुकीवरचा कर नगरपालिका आणि पंचायतींनी बसवण्यापुरता ठेवला, चैनीवरचा कर त्या यादीतून गेला. म्हणजे उद्या एखाद्या डोंगरी गावाच्या सभेने एकमताने ठरवले की आमच्या हद्दीतल्या खोलीवर रात्रीमागे पन्नास रुपये चैनीचा कर घेऊ आणि त्यातून पाण्याची टाकी बांधू, तर तो दरवाजा बंद आहे.

आणि गंमत पाहा. जीएसटीचा कायदा खोलीचे गाव ओळखतो! पाहुणा गुजरातचा असो, दिल्लीचा असो, पैसे त्याने घरबसल्या भरले असोत. कर कुठल्या राज्याचा हे ठरवताना कायदा विचारतो, खोली कुठे आहे? खोली महाराष्ट्रात, म्हणून वाटा महाराष्ट्राचा. ज्या तत्त्वाने मुंबई आपला वाटा दिल्लीकडून आणि गुजरातकडून हक्काने घेते, तेच तत्त्व आणखी एक पायरी खाली उतरवायचे म्हटले की मुंबईला ऐकू येत नाही. खोली राज्यात आहे हे दिसते, पण ती गावात आहे हे दिसत नाही.

आपला खिसा इथे कसा आला

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. सरन्यायाधीश तेव्हा आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. माणसाने माणसाला ओढायचे हे स्वातंत्र्याला इतकी वर्षे झाल्यावरही चालू राहावे हे लाजिरवाणे आहे, म्हणून सहा महिन्यांत ते थांबवा आणि त्या रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा मिळतील अशी योजना करा, असे न्यायालयाने सांगितले. पैसा नाही ही सबब चालणार नाही, हेही बजावले. निकाल सोळा आणे योग्य. डोंगर चढताना माणूस ओढणाऱ्याची छाती काय होते हे कापसाची गाठोडी पाठीवर वाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

पण पैसा नाही म्हणता येणार नाही, म्हणजे तो कोठून तरी येणार. कोठून? राज्याच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत काडेपेटी घेणाऱ्या आपल्या माणसाचाही जीएसटी आहे, आणि त्याच तिजोरीकडे आपण पांदण रस्ता मागतो. चिखलात बैलगाडी रुतते, वेचलेला कापूस वेळेवर घरी येत नाही, तर उत्तर मिळते निधी नाही. थंड हवेच्या गावाला सुशोभीकरणाला, पाण्याला, रस्त्याला विशेष निधी जाहीर होतो तो याच पिशवीतून. मी त्या गावांवर जळत नाही. त्यांनाही पाणी हवे, रस्ता हवा. माझे म्हणणे एवढेच की जो तिथे मुक्काम करतो, तो त्यासाठी आधीच कर भरतो आहे. त्याचा कर आधी तिथे वापरा. तो पुरला नाही तर मग बाकीच्यांच्या पिशवीत हात घाला.

दुसरीकडे काय करतात

इटली देशाने १९१० साली कायदा केला. हवापालटाच्या आणि समुद्रस्नानाच्या गावांना, येऊन राहणाऱ्यांकडून मुक्कामाचा कर घेता येईल असा. मध्यंतरी तो कर बंद झाला, आणि २०११ साली पर्यटनाच्या गावांना तो पुन्हा बसवण्याची मुभा मिळाली. रात्रीमागे माणशी ठराविक रक्कम, साधारण पाच युरोपर्यंत, खोलीच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त. हॉटेलवाला तो पाहुण्याकडून घेतो आणि नगरपालिकेकडे भरतो. दिल्ली-मुंबईसारखा मध्ये कोणी नाही. कायद्यात लिहिले आहे की हा पैसा पर्यटनाच्या सोयी, जुन्या वास्तू, निसर्ग आणि त्याला लागणाऱ्या सार्वजनिक सेवा यांवरच खर्च व्हावा.

पाण्यात वसलेले व्हेनिस शहर हा कर २०११ पासून घेते. तिथल्या जुन्या शहरात आता पन्नास हजारही कायमचे रहिवासी उरले नाहीत, इतकी प्रवाशांची रेटारेटी. २०२४ साली त्यांनी दिवसापुरत्या येणाऱ्यांनाही गर्दीच्या ठरलेल्या दिवशी पाच युरो लावले. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्याला हे दिवसाचे पैसे माफ, कारण तो खोलीमागे देतोच. म्हणजे त्यांनी आधी मुक्कामाचा कर घेतला आणि तेरा वर्षांनी फाटकाकडे वळले. आपण फाटकापासून सुरुवात केली आणि फाटकातच उभे राहिलो. दिवसापुरत्या आलेल्याने काहीच देऊ नये असे मी म्हणत नाही. आम्हीही तिथला रस्ता वापरला. द्यायचे, पण वापराच्या मानाने.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, कर म्हटला की विरोध करायचा हे आपले धोरण, आणि तुम्ही कराची वकिली करता? मी नवा कर मागत नाही. वसूल होतच असलेल्या करातला वाटा, जिथे खर्च झाला तिथे मागतो आहे. हॉटेलवाल्यांनाही घाबरायचे कारण नाही. त्यांच्या बिलात एक रुपया वाढत नाही.

खरा धोका वेगळा आहे, तो आपल्याइतका कोणाला माहीत नसेल. पैसा एका कामाच्या नावाने गोळा होतो आणि दुसऱ्याच कामाला लागतो. बाजार समितीचा सेस कशासाठी असतो? मालाला ओटा, शेड, पाणी, उजेड यासाठी. आणि पाऊस आला की तूर कोणाची भिजते? कापूस एकाधिकारात आपल्या चुकाऱ्यातून कपाती झाल्या, भाव पडले तर आधार म्हणून. त्या निधीने किती आधार दिला हे जुन्या माणसांना विचारा. उलट, नेमक्या कामाला नेमका कर बांधता येतो याचाही दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७५ साली व्यवसाय कर आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कपात आणि दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम, अशी ती सांगड कायद्याने घातली होती. रोजगार हमीचा कायदा पुढे देशाने उचलला. व्यवसाय कर मात्र अजून चालूच आहे.

म्हणून गावाला नुसता वाटा देऊन भागणार नाही. तो कमानी, रोषणाई, महोत्सव आणि पुढाऱ्यांच्या फलकांत जाईल. तो वेगळ्या खात्यात पडावा आणि पाणी, मलनिस्सारण, कचरा, रस्ते, संडास यांवाचून कशालाही त्यातून पैसा निघू नये. गावात किती रात्री मुक्काम झाला, किती वाटा आला, कशावर गेला, हे फाटकावरच फळ्यावर लिहावे. पावती घेणाऱ्याला वाचता आले पाहिजे. आज हा हिशेब माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागावा लागतो.

हे अवघड आहे असे वित्त खात्यातले दीडशहाणे सांगतील. त्यांना २०१७ सालचा कायदा दाखवा. महापालिकांची जकात आणि एलबीटी बुडाली म्हणून राज्याने त्यांना दरमहा भरपाई द्यायचा कायदा केला, दरवर्षी वाढ धरून. मुंबई महापालिकेला हे करता येते. डोंगरावरच्या नगरपरिषदेला करायला तर रक्कम कितीतरी लहान आहे. एक अडचण मात्र खरी आहे. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या खोलीवाल्याला जीएसटी नाही. घरात दोन खोल्या काढून पोट भरणारा गरीब त्यात येतो, त्याला त्रास नको. पण पाच बंगले पाच नावांवर ठेवणाराही त्यात लपतो. त्याला धरायचे तर नगरपरिषदेनेच धरावे. कोणाच्या बंगल्यात दर शनिवारी दिवे लागतात हे गावाला माहीत असते.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा ठराव असा. खोलीवरच्या जीएसटीतल्या राज्याच्या हिश्श्याचा ठराविक भाग, ज्या नगरपरिषदेच्या हद्दीत खोली आहे तिला कायद्याने मिळावा. तो मिळू लागला की फाटकावर दिवसापुरत्या येणाऱ्याचा आणि मुक्कामाला येणाऱ्याचा दर वेगळा करावा. शाळेच्या सहलीला आणि एसटीने येणाऱ्याला फाटक माफ असावे. आणि या गावांना विशेष निधी देण्याआधी त्यांचा खोलीवरचा कर किती जमला आणि त्यातला किती परत गेला, हा आकडा विधिमंडळापुढे यावा.

ज्यांच्या घरी अशा फाटकांवरच्या पावत्या पडल्या असतील त्यांनी त्या बैठकीला येताना घेऊन याव्यात. कोणत्या गावात माणशी किती घेतात, गाडीचे किती, आणि पावतीवर कशासाठी घेतले ते छापले आहे का, हे एकत्र करून पाहायचे आहे. आमची पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर रक्कम आहे आणि शिक्का आहे, कशासाठी घेतले ते नाही.